पाळण्यावरची लुगड्याची पाखरे

उधन्याहून जळगावकडे जाणारी आगगाडी सुरत शहराची दाट वस्ती मागे टाकू लागते, त्या सुमारास डिंडोली लागते. एके काळी हे साधे खेडे होते. आज ते सुरत महानगरपालिकेचा एक गजबजलेला भाग झाले आहे. याच लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, धरणगाव या बाजूची माणसे पोटामागे सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली येथे राहती झाली. त्यामुळे येथील गल्लीबोळांतून गुजरातीइतकीच मराठी आणि तिच्याही अगोदर अहिराणी कानी पडते. महानगरपालिका येथील मुलांसाठी मराठी शाळाही चालविते. खानदेश सोडून आलेल्या माणसास पुन्हा खानदेशातच आल्यासारखे वाटावे, असा हा मुलूख आहे.

अशाच एका परिचित कुटुंबाकडे नव्या बाळाला पाहावयास जाण्याचा योग आम्हांस आला. दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत चकचकीत साड्यांचे गठ्ठे भिंतीला टेकून रचलेले. भरतकामाच्या साडीच्या उलट्या अंगास जे सुटे धागे लोंबत राहतात ते कापून देण्याचे काम सुरतेतील असंख्य बायका घरी बसून करतात. कोणी टिकल्या-खडे चिकटवितात, कोणी काठाला लेस जोडतात. या घरची सूनबाईही तेच काम करीत होती. आतल्या खोलीत पाळणा होता आणि पाळण्यावर पाखरे टांगलेली होती. आमची दृष्टी त्या पाखरांवरच खिळून राहिली.

ती बाजारातील नव्हती. हिरव्या सुती लुगड्याची, वापरून वापरून विटलेल्या आणि सायीसारख्या मऊ झालेल्या कापडाची ती सात पाखरे होती. लुगड्याचा तांबडा काठ त्यांच्या पंखांवर आला होता. वेळूच्या एका कड्याभोवती कापड गुंडाळून त्यास ती वेगवेगळ्या उंचीवर बांधली होती, आणि पंख्याचा वारा लागला की ती आपसांत काही बोलावे तशी हलत होती.

आमच्या आजीच्या पिढीतील वाचक भगिनींना यात नवल वाटणार नाही. पाळण्यावर टांगावयाच्या या खेळण्यास आपल्याकडे ‘चिमणाळे’ असा फार गोड शब्द आहे. चिंध्या भरून शिवलेल्या चिमण्या, राघू, मैना, मध्ये एखादा थोरला पोपट, खाली लोंबणारे मणी, असे त्याचे रूप. बाळाची नजर स्थिर व्हावी, ते उताणे पडल्या पडल्या रमावे आणि आईला चूल पेटविण्यापुरती उसंत मिळावी, एवढाच त्याचा हेतू. गुजरात-राजस्थानात कापडी पोपटांच्या लांबच लांब माळा करून दाराशी टांगतात, त्याही याच गोतावळ्यातील. पाखरू आणि वस्त्र यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे. येवल्या-पैठणच्या पैठणीत विणकर मोर आणि पोपट विणतात. काठावर विणलेल्या इवल्या पोपटांना ते ‘मुनिया’ म्हणतात. विणलेल्या पाखराचे कापड जुने झाले की त्यातून शिवलेले पाखरू निघावे, हा क्रम आम्हांस मोठा स्वाभाविक वाटतो.

परंतु हे पाखरू होण्यासाठी जुने कापड घरात उरावे लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. सुरतेत कापडाला काय तोटा? रिंग रोडवरील बाजारांत देशभर जाणाऱ्या साड्यांचे डोंगर उभे असतात. पण ते बहुतेक सारे कापड कृत्रिम धाग्याचे. ते विटत नाही, झिजत नाही, मऊही होत नाही. फक्त एके दिवशी नकोसे होते. गठ्ठ्यांनी भरलेल्या त्या घरात जुने म्हणावे असे वस्त्र एकच होते: सूनबाईच्या सासूबाईंनी गावाहून येताना पेटीच्या तळाशी घालून आणलेले आपल्या मायचे लुगडे.

बाकीची लुगडी कोठे गेली, हे आम्ही विचारले नाही. कारण त्याचे उत्तर आम्हांस आमच्याच घरातून ठाऊक आहे. ती बोहारणीकडे गेली. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी, दारात बसून जुन्या कपड्यांची घडी उलगडून उजेडाकडे धरून पाहणारी, एका पातेल्यासाठी तीन साड्या आणि वर एक सदरा मागणारी बोहारीण कोणास आठवत नाही? तिचा धंदा प्रामाणिक आहे आणि तिच्यामुळे कितीतरी गरिबांना अंग झाकावयास कापड मिळाले, हे आम्ही मान्य करतो. जरीच्या वस्त्रांची गत आणखी निराळी. सुरतेची खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचे पाणी द्यावयाचे. अशा जरीचा शालू फाटला की तो जाळून त्यातील चांदी काढून घेणारे व्यापारी गावोगाव हिंडत. आमच्या लोकांनी कितीएक पैठण्या अशा राख करून विकल्या. चांदीचे पैसे हाती आले, पण काठावरचे मोर गेले ते गेलेच.

येथे आम्हांस स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा महिन्याच्या मिस्सेनंतर घर आवरताना त्यांची सारी लुगडी आम्हीच बोहारणीस देऊन टाकली. पेटीत कसर लागते, पाहिले की रडू येते, ठेवून करावयाचे काय, असा त्या वेळी विचार केला. बदल्यात पोलादाचे एक मोठे पातेले आले. ते अद्याप आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि चांगले मजबूत आहे. त्यात दूध तापविताना आजही मनाला काहीतरी टोचते.

म्हणूनच डिंडोलीच्या त्या घरात ही पाखरे कशी झाली ते आम्ही फार आस्थेने विचारून घेतले. कल्पना सूनबाईंची. बाळंतपणास माहेरी गेल्या असता त्यांनी तेथील एका जुन्या पाळण्यावर चिमणाळे पाहिले होते. परत आल्यावर त्यांनी सासूबाईंजवळ लुगडे मागितले. सासूबाईंनी ते पेटीतून काढले, मांडीवर घेतले आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिले.

“सूनबाई, यास कातर लावू नको. मायच्या अंगाचं आहे ते.”

“आई, पेटीत ठेवून तरी किती दिवस टिकेल? घडीवर चिरत चाललंय.”

त्यानंतर आठ-दहा दिवस त्या घरात त्या लुगड्याचा विषय निघाला नाही.

सासूबाईंचे म्हणणे आम्हांस चुकीचे वाटत नाही. मृताच्या वस्त्राला कातर लावणे सोपे नसते. अखंड वस्त्रात माणूस अजून अखंड असल्यासारखे वाटते. तुकडे झाले की आपण आपल्या हातांनी काही संपविले, असे मन म्हणते. प्रभूच्या क्रूसाखाली शिपायांनी त्याचा विनशिवणीचा अंगरखा न फाडता चिठ्ठ्या टाकून एकाने घेतला, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. अखंड वस्त्राची किंमत त्या कठोर मनाच्या माणसांनाही कळली होती. मग लेकीला ती का कळू नये?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस लंडन शहरातील एका जुन्या अनाथालयाची आठवण होते. टॉमस कोरम नावाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाने पुष्कळ वर्षे खटपट करून 1739 साली त्यासाठी राजाची सनद मिळविली आणि 1741 पासून तेथे बालके घेऊ लागले. दारिद्र्याने गांजलेल्या आया आपली तान्ही बाळे तेथे आणून देत. आईचे नाव विचारीत नसत. पुढे कधी दिवस पालटले आणि बाळास परत न्यावयाचे झाले तर ओळख पटावी, म्हणून बाळाच्या नोंदीच्या कागदास एखादी खूण टाचून ठेवीत. आणि ती खूण बहुधा कापडाचा एक तुकडा असे. कधी बाळाच्या अंगरख्याच्या बाहीचा, कधी आईच्या झग्याचा, कधी नुसत्या रंगीत फितीचा. असे सुमारे पाच हजार तुकडे आजपर्यंत जतन झाले आहेत, आणि अठराव्या शतकातील सामान्य इंग्रज माणसे काय नेसत-पांघरत हे पाहावयाचे तर याहून मोठा संग्रह नाही. 2010 साली लंडनमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले होते.

त्यांतील एक तुकडा आम्हांस विशेष वाटतो. 1767 सालच्या फेब्रुवारीत चार्ल्स नावाचे एक बाळ तेथे दाखल झाले. त्याच्यासोबत चिंध्या जोडून केलेली एक पट्टी होती. तिच्यावर दोऱ्याने हृदयाचे चित्र काढले होते आणि ते चित्र मधोमध कापलेले होते. आठ वर्षांनी, 1775 सालच्या जूनमध्ये, सारा बेंडर नावाची त्याची आई आली आणि मुलाला घेऊन गेली. तेथे ठेवलेल्या बाळांपैकी फारच थोडी अशी परत गेली. ती पट्टी अखंड राहिली असती तर ती नुसती एक पट्टी होती. कातर लागली म्हणून ती खूण झाली.

ही हकीकत आम्ही त्या घरी सांगितली खरी. परंतु तिने कोणाचे मन वळविले असे मात्र मुळीच नाही. पाखरे आधीच शिवून झाली होती. सासूबाईंचे मन वळविले ते बाळाने. एका रात्री ते काही केल्या निजेना, तेव्हा सासूबाईंनी पेटीतून लुगडे काढून त्याच्यावर पांघरले आणि ते निजले. सकाळी त्यांनीच कातर मागितली आणि पहिला काप स्वतः दिला. “पदर ठेव, बाकीचं घे,” एवढेच त्या म्हणाल्या.

आता पाखराच्या करणीविषयी थोडे. वाचक भगिनींना ती घरी करून पाहता यावी म्हणून ती जशी पाहिली तशी सांगतो.

जुने सुती कापड मऊ असते, परंतु त्याच्यात जोर नसतो. ओढ बसली की ते टाक्याशीच फाटते. म्हणून कापावयाच्या अगोदर त्याच्या मागे पातळ मलमलीचे अस्तर धावदोऱ्याने लावून घ्यावे. पाखराच्या अंगाचे तुकडे तीन: उजवी कूस, डावी कूस आणि पोटाखाली येणारी, दोन्ही टोकांस निमुळती होत जाणारी पट्टी. ही पट्टी घातली नाही तर पाखरू सपाट, पुठ्ठ्यातून कापल्यासारखे दिसते. तिने त्यास पोट येते. तुकडे उलट्या अंगाने बारीक टीप घालून शिवावे, शेपटीकडे दोन बोटे जागा मोकळी ठेवावी आणि तेथून सारे उलटवून घ्यावे. चोचीचे टोक उलटविताना बोथट काडी वापरावी. सुईने ओढू गेल्यास कापड हमखास फाटते. कापताना काठ कोठे येतो याकडे ध्यान असावे. काठ पंखावर घेतला तर पंख उठून दिसतात. गळ्याशी घेतला तर कंठ असलेला राघू होतो.

भरण्यासाठी सूनबाईंनी काय घेतले असेल? साड्यांच्या गठ्ठ्यांतून निघालेले धागे आणि कापलेल्या कडा! दररोज झाडून बाहेर टाकावयाचा हा चमकता केर त्यांनी महिनाभर एका पिशवीत साठविला. कृत्रिम धागा कुजत नाही, त्यास कसर लागत नाही आणि धुतले तरी तो चटकन वाळतो. पाळण्यावरच्या वस्तूला हे गुण मोलाचेच. जे कापड पाखराच्या अंगावर शोभले नसते ते पोटात उत्तम बसले. भरताना घाई करू नये. चिमूट चिमूट घेऊन आधी डोके, मग छाती, मग शेपूट अशा क्रमाने दाबून भरावे. नाहीतर आठ दिवसांत मान लुळी पडते.

चोच नारळाच्या करवंटीचा तुकडा घासून केलेली होती. एका पाखराची चोच जुन्या कुलपाच्या मोडक्या किल्लीची होती. परंतु ते पाखरू पाळण्यावर नव्हते, खिडकीत बसविले होते, आणि ते योग्यच. तान्ह्या बाळाच्या वर टांगावयाच्या पाखरांस मणी, गुंड्या, तार असे काहीही लावू नये, डोळे काळ्या दोऱ्याने भरूनच काढावे आणि सारे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच, पक्क्या दोरीने बांधावे, असा आमचा आग्रह आहे. मोठ्यांसाठी करावयाच्या पाखरांत मात्र वाटेल ती मौज करावी. फुटक्या बांगड्या, घड्याळाचे चाक, झाडूची काडी, तुटलेली गुंडी, सारे चालते.

एका गोष्टीची येथे सूचना देतो. तुटलेल्या जपमाळेचे मणी डोळ्यांसाठी फार सुबक दिसतात, आणि हा मोह कोणासही होईल. पण आशीर्वादित वस्तू खेळण्याच्या कामी लावू नये. जपमाळ दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर ती स्वच्छ जागी पुरावी किंवा जाळावी. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंस विचारावे.

अशी पाखरे आता परदेशांत मोठ्या कौतुकाची वस्तू झाली आहेत. इंग्लंडातील लीड्स शहरात मिस्टर फिंच या नावाने प्रसिद्ध असलेले एक कलावंत जुन्या हॉटेलातील मखमलीचे पडदे, विरलेले लग्नाचे झगे, स्वयंपाकघरातील ओचे अशा वस्तूंपासून हंस, ससे, पतंग आणि तऱ्हेतऱ्हेची पाखरे घडवितात. 2014 साली त्यांच्या कामावरचे पुस्तकही निघाले. त्यांचे काम खरोखर अद्भुत असते, हे आम्ही मोकळेपणी सांगतो. परंतु ते कापड कोणाचे होते हे पाहणाऱ्यास ठाऊक नसते. तो झगा कोणी नेसला, ती कोण, हे गूढच राहते, आणि त्या गूढातच त्या कलेची निम्मी मोहिनी आहे. आमच्या मनाला अधिक जवळची वाटते ती जपानच्या इझू द्वीपकल्पातील इनातोरी गावची रीत. तेथे 3 मार्चच्या बाहुल्यांच्या सणाला मुलींसाठी उंची बाहुल्या मांडतात. ज्यांना त्या परवडत नसत त्या घरच्या आज्या आणि आया किमोनोच्या उरलेल्या तुकड्यांतून लहान लहान आकृती शिवीत, त्या लाल दोऱ्यांत ओवीत आणि वेळूच्या कड्याला टांगीत. त्यांत माकड असते, पीचचे फळ असते, औषधाची त्रिकोणी पुडी असते, पाखरेही असतात. आणि संकट टळावे, आयुष्य लाभावे, आजार जवळ येऊ नये, असा प्रत्येकीचा अर्थ असतो. वेळूचे कडे, चिंध्या आणि दोरा! डिंडोलीच्या सूनबाईंना इनातोरीचे नावही ठाऊक नाही.

गरिबांच्या या पाखरांवरून आम्हांस मंदिरातील त्या पहिल्या अर्पणाची आठवण होते. बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ यरुशलेमेस गेले, तेव्हा त्यांनी कोकरू नव्हे तर पाखरांची जोडी अर्पण केली. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी नियमशास्त्राने ही सवलत ठेवली होती. दरसाल 2 फेब्रुवारीला आपण तो सण पाळतो आणि मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीने मंदिरात जातो. चिमण्या तर त्याहूनही स्वस्त. बाजारात त्या कवडीमोलाने विकल्या जात आणि तरीही पित्याचे लक्ष त्यांच्यावर असते, असे प्रभूने आपल्या शिष्यांस सांगितले. शहरांतून ती चिमणी दिसेनाशी होऊ लागली तेव्हा नाशिकच्या महंमद दिलावर यांनी तिच्यासाठी काम आरंभिले. 2010 पासून 20 मार्च हा चिमणी दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच प्रयत्नाने. डिंडोलीच्या त्या घराबाहेर विजेच्या तारांवर आम्हांस पारवे पुष्कळ दिसले, चिमणी मात्र एकही दिसली नाही. त्या बाळाची चिमणीशी पहिली ओळख आपल्या पणजीच्या लुगड्यातूनच होणार, असे दिसते.

आम्ही निघालो तेव्हा साड्यांचे गठ्ठे नेणारा माणूस दारात उभा होता. सूनबाई साड्या मोजून देत होत्या आणि सासूबाई एका हाताने पाळण्याची दोरी ओढीत दुसऱ्या हाताने उरलेला पदर घडी घालून पेटीत ठेवीत होत्या.

घरी परतल्यावर आम्ही आमच्या मातोश्रींचे काही उरले आहे का ते शोधू लागलो. लुगडे तर एकही नव्हते. परंतु त्यांचे जुने प्रार्थनापुस्तक ज्यात गुंडाळून ठेवले होते ते कापड सोडून पाहिले, तर ती त्यांची खणाची चोळी निघाली. बाहीला हळदीचा एक डाग होता. पुस्तकाला आम्ही स्वच्छ पांढरे कापड बांधले. चोळीचे तुकडे करावयास दोन संध्याकाळी लागल्या, शिवावयास आठवडा. पाठीच्या भागातून एकच पाखरू झाले. डागाचा तुकडा आम्ही मुद्दाम पंखाच्या आतल्या बाजूस घेतला. मान दोनदा लुळी पडली म्हणून पुन्हा उसवून भरली. आता ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्या पातेल्याच्या वरच्या बाजूस बसविले आहे. चोच जरा वाकडी झाली आहे.